जमादारीण आरवली म्हणून

शहाड,
७ जानेवारी २०२५

सौ. कलावती विहीणबाई यांना शहाडहून आवडाबाईचा नमस्कार.

व्याहीबुवांनाही सांगा. मी इकडे बरी आहे, उजवा गुडघा सोडून. तुमची साखर कशी आहे? त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठलात. त्यात साखर मी घातलीच नव्हती, तेवढं सांगायचं राहिलं.

फोन का नाही केला म्हणाल. फोन तुम्ही स्पीकरवर ठेवता. मी हॅलो म्हटलं की तिकडून व्याहीबुवा खोकतात, मग जावईबापू संदेशराव विचारतात "आई, कशा आहात", आणि मागून आमची निशा म्हणते, "आई, नको ना आता तो विषय." एवढ्या माणसांत भांडायला मजा येत नाही. म्हणून लिहिते. गावच्या शाळेत सातवीपर्यंत बसले, ते आज कामाला आलं. अक्षराला हसायचं नाही. जावईबापू उद्या अंडी न्यायला येणार आहेत, त्यांच्या हाती देते. पाकीट चिकटवलंय. उघडलेलं आलं तर व्याहीबुवांचं काम समजेन.

त्या रविवारी काय झालं ते तुम्ही परत जाताना गाडीत सांगितलंच असणार, आणि घोडबंदर रोडचा ट्रॅफिक बघता चार वेळा सांगून झालं असणार. आता माझ्या बाजूनं ऐका.

निशाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण, रीतीनं माहेरी. तुम्ही स्वतः सोडायला आलात, मला किती बरं वाटलं. भाकऱ्या थापून ठेवलेल्या, वालाचं बिरडं चुलीवर... चुलीवर कुठलं, गॅसवर होतं. म्हटलं आधी चहा होऊ दे, मग बॅगा काढू. तेवढ्यात ती काळी कोंबडी कुंपणाच्या भिंतीवर चढली, मान लांब केली आणि आरवली. तुम्ही म्हणालात, "कोंबडा छान आहे हो तुमचा." मी गप्प बसले. मी गप्प बसले तिथेच तुम्हाला शंका यायला हवी होती. मग ती बया खाली उतरली, तुमच्या खुर्चीशेजारच्या टोपलीत जाऊन बसली, आणि तुमच्या देखत अंडं घातलं.

तुम्ही अंड्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "घ्या, गरम आहे."

"आवडाताई, आत्ता आरवली ती ही कोंबडी?"

"थोडीशीच आरवली."

"थोडीशी म्हणजे?"

"म्हणजे सकाळी जास्त आरवते."

मला ठाऊक आहे, असं बोलायला नको होतं. पण तुमचा चेहरा असा झालेला की जिभेला राहवेना. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "ज्या घरात कोंबडी आरवते, त्या घरात माझी सून बाळंत होणार नाही. आधी तिला कापा, मग बघू." निशा रडकुंडीला आली, संदेशराव माझ्याकडे बघेनात. बॅग डिकीतून खाली उतरलीच नाही. गाडी वळली तेव्हा मी दारात बिरड्याचं पातेलं घेऊन उभी होते, डब्यात भरून द्यायला.

आता कोंबड्यांचं सांगते, कारण सगळं तिथूनच आहे. तुम्ही गुहागरच्या, तुमच्या माहेरी अंगणभर कोंबड्या होत्या असं निशा सांगते. बाविसाव्या मजल्यावर राहून विसरलात, तो भाग वेगळा.

गणपतीनंतर आमचा कोंबडा मेला. शेठ त्याचं नाव, आमच्या ह्यांनी ठेवलेलं. मागे नवीन रस्ता होतोय, त्याच्या डंपरसमोर छाती काढून उभा राहिला. जन्मभर सगळ्यांना पळवलं, त्याला वाटलं हाही पळेल. तो गेला, आणि पाठोपाठ बिल्डरने मागे पत्रे ठोकले. अंगण अर्धं झालं. कोंबड्या तेवढ्याच, जागा अर्धी, आणि दटावणारं कुणी नाही. काय सांगू, एका खोलीत पाच जावा कोंडल्यासारखं झालं. एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. बुटकी म्हणून एक आहे, गरीब, तिची पाठ पार उघडी पडली. रक्त आलं, आणि लाल दिसलं की बाकीच्या तिथेच चोच मारतात. तिला वेगळी टोपलीखाली ठेवली, हळद आणि खोबरेल लावलं. बाकीच्यांना चोचीला काहीतरी उद्योग हवा म्हणून पत्र्याला कोबीचा गड्डा टांगला. त्याला टोचत बसल्या. शेजारीण विचारते, "काय गं आवडे, कोबी दृष्टीसाठी टांगलास?" मी म्हटलं, "हो, तुझ्याच."

मग चांदणीला अंडी फोडून खायची सवय लागली. स्वतःची नाही, दुसरीची. म्हटलं थांब. अंड्याला भोक पाडून आतलं काढलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा भरला, माणसाच्या कानातून धूर निघेल असा. तिने सगळा खाल्ला, चोच जमिनीला पुसली, आणि आणखी आहे का म्हणून माझ्याकडे बघितलं. कोंबडीला तिखट लागतच नाही म्हणे. केस पांढरे झाल्यावर कळलं. शेवटी टेबल टेनिसचे पांढरे चेंडू आणून टोपलीत ठेवले. चोच मारते, फुटत नाही, वैतागते, निघून जाते. दाण्यात टरफलं भाजून चुरून घातली. सुटली सवय.

हे सगळं चालू असताना ती काळी पुढे आली. जमादारीण म्हणते मी तिला. दोघी भांडायला लागल्या की मधे जाऊन उभी राहते. दाणे टाकले की आधी बाकीच्यांना हाक मारते, स्वतः मागून खाते, शेठ करायचा तसं. आभाळात घार दिसली की पहिला आवाज हिचा. संध्याकाळी सगळ्या खुराड्यात गेल्या की मग आत जाते. बुटकीला कुणी टोचेनासं झालं. आणि एक दिवस सकाळी भिंतीवर चढून आरवली. पहिल्यांदा घसा बसलेल्या भजनीबुवासारखं वाटलं. आता सुधारलाय आवाज.

तर अशी ही अपशकुनी बाई. पण तुमचा शब्द मोठा. पहिलं बाळंतपण आहे, तुमच्या मनात किंतू नको. कापते. कुंडलिकला सांगितलंय, आळीत सगळ्यांची तोच कापतो, हात हलका आहे. रविवारी येतो म्हणालाय. त्यानंतर निशाला पाठवा.

तिच्या खोलीला रंग दिलाय. खिडकीला जाळी बसवली, डासांची. पाळण्याचा आकडा तपासून घेतला, मी स्वतः लटकून बघितलं, माझं वजन धरलं म्हणजे बाळाचं काय. हे मुद्दाम लिहीत नाही, विषय निघाला म्हणून आपलं.

तुमची कोंबडीवाली विहीण,
आवडाबाई


शहाड,
२४ जानेवारी २०२५

विहीणबाईंना नमस्कार. व्याहीबुवांचा खोकला कसा आहे?

तुम्ही पाठवलेले तिळाचे लाडू मिळाले. दात शाबूत आहेत माझे, म्हणून बरं. लाडवांबरोबर निरोपही मिळाला. जावईबापू डबा पुढे करून, मान खाली घालून म्हणाले, "आईने विचारलंय, झालं का?" शाळेत मास्तरांनी घरचा अभ्यास विचारावा तसं. मी म्हटलं, आत या, चहा घ्या. उत्तर दिलं नाही. ते आता लिहिते.

नाही कापली.

कुंडलिक आलेला सुरा घेऊन. जमादारीण दुसऱ्या कुणाच्या हाती लागत नाही, पण मी हाक मारली की येते. आली. काखेत धरली. कुंडलिकने पायरीवर सुरा घासला आणि म्हणाला, "आवडे, पाय धर तिचे." मी धरले. मग म्हणाला, "एक तर डोळे मिट, नायतर हात सोड. दोन्ही एकदम करशील तर माझं बोट जाईल."

मी हात सोडले.

ती कौलावर जाऊन बसली आणि तिथून आरवली. कुंडलिक वर बघून म्हणतो, "आता हिला शिडी लागंल, नि मी नाय चढत." चहा प्यायला आणि गेला.

ही बातमी आमच्या प्रभाकरभावजींपर्यंत पोचली. ह्यांचे धाकटे भाऊ, तुम्ही लग्नात बघितलेत. फेटा नीट करत सगळ्या फोटोत मधे उभे होते ते. दुसऱ्या दिवशी पिशवीत कोंबडा घेऊन हजर. "वहिनी, घरात नर पाहिजे. नर आला की ती आपोआप गप्प बसते." दिसायला देखणा हो. लालबुंद, शेपटीला हिरवी झाक. मी त्याचं नाव नवरदेव ठेवलं. मला वाटलं हे बरं झालं. जमादारीण गप्प बसली तर कापायला नको, तुमचंही समाधान, माझंही.

आमच्यात रीत आहे, नवीन कोंबडं आणलं की चुलीभोवती फिरवायचं. मग ते ह्या घरचं होतं, मागे पळून जात नाही. आता चूल कुठे राहिली, म्हणून गॅसच्या सिलिंडरभोवती फिरवला. भावजींनी हळदकुंकू लावलं. फिरवताना तो दोनदा शिंकला. भावजी म्हणाले, "हळद नाकात गेली." मीही म्हटलं, गेली असेल. आणि त्याच संध्याकाळी त्याला सगळ्यांबरोबर खुराड्यात सोडला.

हळद नव्हती ती.

आधी चांदणी शिंकायला लागली. मग एकेकीच्या नाकातून पाणी, डोळे सुजलेले, तोंडाला वास. दाणे टाकले तर उठेनात. म्हटलं, खुराडंच्या खुराडं नेते ती मानमोडी आली की काय, की ते टीव्हीवर दाखवतात तसलं बर्ड फ्लू का काय. एकीला पिशवीत घेऊन कल्याणला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथे रुचिता मॅडम म्हणून डॉक्टरीण आहे, आपल्या निशाएवढी. कोंबडीचा डोळा उघडून बघते आणि मला विचारते, "मावशी, नवीन पक्षी आणला होता?"

"हो."

"मग किती दिवस वेगळा ठेवला?"

"वेगळा नाही ठेवला. सिलिंडरभोवती फिरवला."

तिने लिहिता लिहिता पेन थांबवलं. म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितलं. हसली नाही, ओठ चावून बसली. मुलगी चांगली आहे. म्हणाली, सर्दीच आहे, कोंबड्यांची, पण एकीची दुसरीला लागते. नवीन पक्षी आणला की आधी लांब ठेवायचा, बरा आहे असं दिसलं की मग सोडायचा. पाण्यातून द्यायचं औषध दिलं. नमुना घेऊन तपासायला पाठवलाय. मी विचारलं, माझी लेक गरोदर आहे, तिला काही होईल का. म्हणाली ही माणसाला लागत नाही, पण साबणाने हात धुवायचे, आणि तपासणीचं येईपर्यंत ती लांब राहिलेली बरी. म्हणजे त्या रविवारी तुम्ही तिला परत नेलीत ते बरंच झालं, असं आता मलाच म्हणावं लागतंय. वाचून खूश व्हा.

आता सगळ्यात जास्त आजारी जमादारीण आहे. एक डोळा पूर्ण मिटलाय. आरवणं बंद. कुणाला हाक मारत नाही. कोपऱ्यात पिसं फुगवून बसते. म्हणजे कापायचीही गरज नाही, ती आपली आपण जाईल, तुमचा शब्द राहील, निशा येईल. मला खरं तर बरं वाटायला हवं. आणि मी तिच्या डोळ्याला कोमट मिठाच्या पाण्याचं फडकं लावत बसलेय.

तुम्ही म्हणाल एवढं काय आहे त्या कोंबडीत. सांगणार नव्हते. आता लिहायलाच बसलेय तर सांगते.

आमचे हे गेले त्या वर्षातली गोष्ट. मागच्या जागेसाठी बिल्डरचा माणूस आलेला. भावकी सगळी ओसरीवर. त्याने विचारलं, घरात मोठं कोण? भावजी म्हणाले, मी. मी आतून पाण्याचे पेले घेऊन येत होते, मी म्हटलं, "ह्या घरात मोठी मी आहे. कागद इकडे द्या, मी वाचते." भावजी हसून म्हणाले, "ऐका. आमच्याकडे आता कोंबडी आरवायला लागली." सगळे हसले. मीही हसले. मी कशालाही हसते, तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हा जमादारीण साधं कुकूसुद्धा करत नव्हती, विहीणबाई. म्हणजे आरवण्यात पहिला नंबर माझा. आता तिला कापून कसं भागणार, तुम्हीच सांगा. घर अशुभ असेल तर ते तिच्याआधीपासून आहे.

निशाला पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही पाठवलीत तर मी काही रागावणार नाही. खोटं लिहिलं. रागावेन. पण तुम्हाला कळू देणार नाही.

आवडाबाई


शहाड,
२० फेब्रुवारी २०२५

कलावतीताई,

निशा पोचली. बॅग डिकीतून उतरवली, ती मी स्वतः उचलून आत आणली, संदेशराव "आई, द्या इकडे" करत मागे. आता ती आतल्या खोलीत पाय वर करून झोपलीय. तिच्या पायांना थोडी सूज आहे, मी तेल लावलं. संदेशराव बाहेर जेवतायत. तिसरी भाकरी घेतली, म्हणजे तुम्ही घरी मोजून वाढता असं दिसतंय. त्यांचं आटपेपर्यंत स्वयंपाकघरात बसून हे लिहिते, त्यांच्याच हाती देईन.

त्या दिवशी काय झालं ते तुम्ही तुमच्या सोसायटीत तुमच्या पद्धतीने सांगाल. म्हणून मी आधीच लिहून ठेवते. कागदावर असलं की नाकारता येत नाही.

माझं मागचं पत्र वाचून तुम्ही न कळवता टॅक्सीतून उतरलात. मी तुम्हाला फाटकात बघितलं आणि वाटलं, झालं, आता शेवटचं भांडण. तुम्ही विचारलंत, "कुठे आहे ती?" ती म्हणजे कोंबडी. मी टोपलीकडे बोट केलं. तुम्ही टोपली उचललीत. जमादारणीने एका डोळ्याने तुमच्याकडे बघितलं, उठायची ताकद नव्हती तिला. मी मनात म्हटलं, आता विहीणबाई म्हणतील देवाने न्याय केला.

तुम्ही म्हणालात, "असं ठेवतात का हिला? खाली ओल आहे!"

आणि पदर खोचलात. पुढचं मला धड आठवतही नाही, एवढ्या भराभर हुकूम सुटले. "सुका पेंढा आणा. खाली राख पसरा. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा. बऱ्या कोंबड्यांचं भांडं वेगळं, आजाऱ्यांचं वेगळं, कढत पाण्याने धुवा. त्या नवऱ्याला आधी बाहेर काढा." नवरा म्हणजे नवरदेव. बाविसाव्या मजल्यावरची बाई कमरेपर्यंत माझ्या खुराड्यात, बाहेर नुसती साडी दिसतेय. फोटो काढलाय मी. निशाला दाखवलाय. व्याहीबुवांना दाखवायचा की नाही ते तुमच्या पुढच्या वागण्यावर आहे.

आणि नेमके तेव्हाच प्रभाकरभावजी आले. फाटकातूनच सुरू.

"काय वहिनी, मी म्हटलं नव्हतं? कोंबडी आरवली की घर बसतं. बघा आता, सगळं खुराडं आजारी."

खुराड्यातून तुमचा आवाज आला, "कोण बोलतंय?"

भावजी दचकले. त्यांना वाटलं जमादारीणच बोलली. तुम्ही बाहेर आलात, केसात पेंढा, कपाळाला राख.

"मी प्रभाकर. वहिनींचा दीर."

"कोंबडा तुम्ही आणलात?"

"हो, म्हटलं घरात नर—"

"शिंकणारा आणलात. आधी तो आजारी, मग ह्या. ती आरवली म्हणून नाही, तुम्ही बघून घेतला नाहीत म्हणून. पुढच्या वेळी बाजारात कोंबड्याचा डोळा बघायचा. शेपटीवर जायचं नाही."

भावजी चिडले. म्हणाले, "पण विहीणबाई, तुम्हीच ना म्हणालेलात अपशकुन म्हणून? तुम्हीच ना पोरीला परत नेलीत?"

"मी कोंबडीबद्दल म्हणाले. तुम्ही कुणाबद्दल म्हणालात ते मला माहीत आहे."

ताई, मी कशालाही हसते. भावजी फाटक न लावता निघून गेले, ते बघून तर मला पोट धरून हसू यायला हवं होतं. नाही आलं. मी पाण्याचं भांडं घेऊन उगाच नळाकडे गेले आणि ते भरून वाहिलं तरी उभी राहिले. तुम्ही बघितलंत, पण काही म्हणाला नाहीत. त्याबद्दल एक धन्यवाद वेगळा.

मग आपण पायरीवर चहा घेत बसलो. बिनसाखरेचा. तुम्ही माझ्याकडे न बघता पत्र्याकडे बघत बोलत होतात. "निशा इथे आली की तीन-चार महिने इथेच. बाळ डोळे उघडेल ते तुमचा चेहरा बघून. मला ते कधी ओळखणार? संदेश सकाळी जातो तो ट्रॅफिकमधून अंधार पडल्यावर येतो. हे बातम्या लावून बसतात. दिवसभरात मला कुणी काही विचारत असेल तर तीच विचारते, आई, आज भाजी काय करू या." मग कप खाली ठेवून म्हणालात, "त्या दिवशी घरातून निघाल्यापासून मी काहीतरी कारण शोधत होते, आवडाताई. कोंबडी आरवली आणि मी सुटले."

माझ्या तोंडात त्यावर तीन-चार उत्तरं तयार होती, एकाहून एक झणझणीत. गिळली. आयुष्यात पहिल्यांदा. कपबशा उचलल्या आणि आत गेले. तुम्हाला वाटलं असेल ही रागावली. तसं नव्हतं. तुमच्यावर एवढे दिवस रागावून मी पुरती दमले होते, आणि तो राग ठेवायला एकदम जागाच उरली नाही.

इकडची खुशाली अशी. बुटकी मात्र गेली. आधीच पाठ उघडी, तिच्यात जोर नव्हता. पेरूच्या झाडाखाली पुरली. बाकी सगळ्या बऱ्या. तपासणीचं आलं, तसलं काही निघालं नाही. रुचिता मॅडम स्वतः फोन करून म्हणाली, "मावशी, आता लेकीला खुशाल बोलवा, आणि सिलिंडरला सांगा मी विचारलं म्हणून." ते कळलं तेव्हा मी अंगणात खाली बसले. मग उठून खुराड्याला चुना मारला. कोंबड्या ठेवायच्या जेवढी जागा आहे तेवढ्याच, हेही ठरवलं. दोन कुंडलिककडे दिल्या, पाळायला. अंगण अर्धं झालंय हे मी मान्य करत नव्हते, कोंबड्यांनी मात्र कधीच केलेलं. आता कुणी कुणाची पिसं उपटत नाही.

आणि जमादारीण. डोळा उघडला तिचा. तुमच्या सुक्या पेंढ्याने की मॅडमच्या औषधाने, ते तुम्ही दोघी वाटून घ्या. सगळे म्हणाले होते कोंबडा आला की गप्प होईल. नाही झाली. सकाळी आधी ती आरवते, मग नवरदेव, तोही तिच्याकडे बघून, बरोबर जमलं का असं. आज निशा गाडीतून उतरली तेव्हा भिंतीवर चढलेलीच होती. आरवली. संदेशराव जागच्या जागी थिजले, माझ्याकडे बघायला लागले. निशा म्हणाली, "अहो, बघताय काय, बॅग काढा."

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

तुम्ही पण या. दोन दिवसांसाठी नाही, राहायला. बाळंतपण होऊन बाळ मान धरेपर्यंत. मुलाची आई सुनेच्या माहेरी येऊन राहिली असं आमच्याकडे कुणी केलेलं नाही, तुमच्याकडेही नसेल. लोक बोलतील. भावजी तर ओसरीवर सभा भरवतील. बोलू देत. व्याहीबुवांना बातम्या इथेही दिसतात, त्यांनाही आणा, नाहीतर त्यांना भाताचा कुकर लावायला शिकवून या. बाळाने डोळे उघडले की दोघींची तोंडं एकदम दिसतील. घाबरलं तर बघू.

मानपान होणार नाही, आधीच सांगते. विहीण म्हणून पाट-रांगोळी नाही. सकाळी खुराडं झाडायचं, पाण्याची भांडी धुवायची, अंडी चांदणीच्या आधी उचलायची. भांडण रोज होईल, त्याची हमी मी देते. चहात साखर घालू देणार नाही.

वरती मी लिहिणार होते की निशाला दोघींची गरज आहे, म्हणून या. लिहिलं नाही, कारण ते खरं नाही. निशा तुमच्यासारखी आहे, घट्ट. तिला डॉक्टर आहे, हॉस्पिटल जवळ आहे, नवरा भला आहे, आणि मी आहे. तिच्यासाठी नाही बोलवत. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की ह्या घरात मी एवढी बडबडी बाई, आणि ऐकायला कुणी नसतं. तुम्ही त्या दिवशी गेलात तशी मी टॅक्सीच्या मागे फाटकापर्यंत आले होते. तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत, बरं झालं. मी हात हलवत होते, वेड्यासारखी.

वाट बघते. ह्यांच्या मागे हे दोन शब्द मी कुणालाही लिहिलेले नाहीत.

तुमची,
आवडा